टांकसाळीची चूक की कारागिराची करामत: जुनी नाणी पारखण्याची पद्धत

माझ्या नाण्यांच्या पेटीत १९३९ सालचा एक चांदीचा रुपया आहे आणि तो खोटा आहे. इंदूरला राजवाड्यामागच्या गल्लीत एका फिरत्या विक्रेत्याकडून मी तो बऱ्याच वर्षांपूर्वी घेतला. सहाव्या जॉर्जच्या रुपयांमध्ये १९३९ हे साल दुर्मिळ मानले जाते, हे तेव्हा मला नुकतेच कळले होते आणि त्या अर्धवट ज्ञानाच्या भरात मी सालाच्या आकड्यांकडे इतका एकटक पाहत राहिलो, की नाण्याची कडा पाहायची राहून गेली. घरी येऊन नाणे उभे धरले तेव्हा दातेऱ्यांच्या मधोमध एक खोल खाच आणि तिच्यात बारीक नक्षी दिसली. १९३८ आणि १९३९ या दोन्ही सालांचे रुपये ९१.७ टक्के चांदीचे आहेत आणि त्यांची कडा साधी दातेरी आहे. चांदी ५० टक्क्यांवर आली आणि कडेवर ती नक्षीदार खाच आली, ती १९४० पासून. म्हणजे १९४० किंवा त्यानंतरच्या एखाद्या साध्या रुपयावरचे शेवटचे दोन आकडे खरवडून तिथे ३ आणि ९ बसवलेले होते. भिंगाखाली त्या दोन आकड्यांभोवतीची जमीन (नक्षीमागचा सपाट भाग) बशीसारखी किंचित खोलगट दिसते, बाकीची सगळी सपाट आहे.

त्या रुपयाने मला जे शिकवले ते पुढच्या सगळ्या पारखीला पुरले. नाणे विचित्र दिसते का, हा प्रश्न फारसा उपयोगाचा नाही, कारण विचित्र दिसणारे नाणे कोणीही हातोडी, कानस आणि तेजाब घेऊन घरी बनवू शकतो. विचारायचे ते असे, की या नाण्याचा धातू नेमका कधी हलला? छाप पडण्यापूर्वी, छाप पडताना, की छाप पडून नाणे टांकसाळीबाहेर गेल्यानंतर? पहिल्या दोन वेळी घडलेली ती टांकसाळीची खरी चूक आणि तिसऱ्या वेळी घडलेले ते नुकसान किंवा फसवणूक. यापुढे जे लिहिले आहे ते सर्व या एका प्रश्नाचे उत्तर नाण्याकडूनच कसे काढून घ्यावे याविषयी आहे.

आधी टांकसाळ समजून घ्यावी

यंत्राने पाडलेल्या नाण्याचा जन्म ठरलेल्या क्रमाने होतो. धातू वितळवून त्याच्या लांब पट्ट्या लाटतात, पट्टीतून कोऱ्या चकत्या कापतात, चकतीची कडा दाबून किंचित उचलतात, चकत्या तापवून मऊ करतात, धुतात आणि मग वरचा व खालचा असे दोन ठसे (नक्षी उलटी आणि खोल कोरलेले पोलादी ठोकळे) आणि भोवतीची पोलादी कॉलर यांच्यामध्ये एकाच दाबात त्यांच्यावर छाप पाडतात. कडेवरचे दाते त्या कॉलरमुळे उमटतात. ठसे झिजतात, त्यांना तडे जातात, त्यांच्या खाचांमध्ये वंगण आणि धातूची भुकटी भरते. चकती वेडीवाकडी बसते. आधीचे नाणे बाहेर न पडता तिथेच अडकते. टांकसाळीची प्रत्येक खरी चूक या साखळीच्या कुठल्या ना कुठल्या कडीवर बोट ठेवून दाखवता येते. जी चूक अशी दाखवता येत नाही ती टांकसाळीत झालेली नाही, असे मानून चालण्यास हरकत नाही.

हत्यारे

दहापट मोठे दाखवणारे जवाहिऱ्याचे भिंग, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा, मापाचा कॅलिपर, एक चुंबक आणि हवे तसे तिरपे करता येईल असा टेबलावरचा दिवा एवढे पुरते. याखेरीज सर्वांत मोलाचे हत्यार म्हणजे त्याच प्रकारचे, शक्यतो त्याच सालचे एक साधे, खात्रीचे नाणे. पारख ही नेहमी तुलनेने होते. आठवणीने होत नाही.

एक गोष्ट मात्र मुळीच करू नये. नाणे घासू नये. आपल्याकडे लक्ष्मीपूजनाचे रुपये वर्षातून एकदा चिंच किंवा रांगोळी लावून लख्ख करण्याची रीत घरोघरी आहे आणि माझ्या आजीने तर व्हिक्टोरिया राणीचे नाकही या भक्तीत सपाट करून टाकले होते. पूजेपुरते ते ठीक. पारखण्यासाठी मात्र नाण्यावरचा जुना थर हाच साक्षीदार असतो. शंभर वर्षांचे नाणे, पण त्यावरचा काप किंवा आकडा तेवढा ताजा आणि चकचकीत, ही विसंगती घासलेल्या नाण्यावर दिसेनाशी होते.

पहिली पायरी: वजन, चुंबक आणि पाणी

१८३५ नंतरचा ब्रिटिश अमदानीतला चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळ्याचा आहे. जुने सराफ तराजूत वजन म्हणून रुपयेच टाकत असत ते यामुळे. वापराने झिजलेला रुपया तोळ्याला थोडा कमी भरेल. पण ठसठशीत, न झिजलेला दिसणारा रुपया साडेदहा ग्रॅम भरला किंवा कोणताही रुपया बारा ग्रॅमच्या वर गेला तर काहीतरी नक्की चुकले आहे.

चुंबकाचा उपयोग त्याच्या मर्यादा ठाऊक असतील तरच होतो. चांदी, तांबे, कांसे आणि तांबे-निकेल यांना चुंबक धरत नाही. लोखंडावर चांदीचा मुलामा दिलेला ‘व्हिक्टोरिया रुपया’ त्यामुळे क्षणात उघडा पडतो. परंतु १९४७ चा वाघाचा रुपया शुद्ध निकेलचा आहे आणि त्याला चुंबक धरणारच, तसेच १९५० च्या दशकातील निकेलच्या रुपयालाही धरणार. या खऱ्या नाण्यांना ‘लोखंडी’ ठरवून परत केलेले मी पाहिले आहे. १९९२ पासूनचा छोटा रुपया पोलादाचा असल्यामुळे त्यालाही चुंबक धरते.

वजन बरोबर आणि चुंबकही गप्प, अशा वेळी पाण्याची परीक्षा करावी. काट्यावर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्यावर आणावा. नाणे शिवणाच्या दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असे, पण वाटीच्या तळाला किंवा काठाला टेकणार नाही असे हातात लोंबकळत धरावे आणि काटा किती ग्रॅम दाखवतो ते पाहावे. तो आकडा म्हणजे नाण्याचे घनफळ. नाण्याच्या वजनाला त्याने भागले की घनता मिळते. ९१.७ टक्के चांदीच्या ११.६६ ग्रॅम रुपयासाठी काटा सुमारे १.१३ दाखवतो, म्हणजे घनता १०.३ च्या आसपास येते. १९४० नंतरच्या निम्म्या चांदीच्या रुपयासाठी तो १.२२ च्या जवळपास जातो आणि जर्मन सिल्व्हरच्या (चांदी नसलेल्या, तांबे, निकेल आणि जस्ताच्या मिश्रधातूच्या) बनावट रुपयासाठी १.३४ च्या आसपास. नाण्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे आधी काडीने काढून टाकावेत, नाहीतर खरे नाणेही हलके ठरते. ही परीक्षा लहान नाण्यांवर भरवशाची नाही, कारण दोन ग्रॅमच्या नाण्यात काट्याची बारीकशी चूकही मोठी होते.

सराफाकडे धातू तपासण्याचे क्ष-किरणांचे यंत्र असते आणि त्याच्या छापील अहवालावर लोकांचा फार विश्वास असतो. ते यंत्र पृष्ठभागापासून अगदी थोड्या खोलीपर्यंतच पाहते. जाड मुलामा त्याला चांदीच वाटतो. पाण्याला तो वाटत नाही.

जुने लोक रुपया दगडावर वाजवून घेत असत आणि तो ‘खणखणीत’ वाजतो का ते ऐकत असत. या परीक्षेला माझा विरोध एवढ्यासाठीच आहे की ती नाण्याच्या कडेला दुखावते; शिवाय आतून तडा असलेले खरे नाणेही बद्द वाजते. नाणे बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्या नाण्याने हलकेच टिचकी मारली तरी तेवढेच कळते.

दुसरी पायरी: कडा

ओतीव नकली नाण्याची शिवण कडेवरच सापडते, कारण साच्याचे दोन अर्ध तिथेच जुळतात. ती शिवण कानशीने घालवली असेल तर दातेऱ्यांमध्ये आडवे ओरखडे राहतात. दोन नाणी अर्धी अर्धी कातून जोडलेले ‘दोन्ही बाजूंना सिंह असलेले’ नाणे बहुधा कडेवर नव्हे, तर एका बाजूच्या किनारीच्या (चित्राभोवतीच्या उंच कड्याच्या) आतल्या अंगाला उघडे पडते, कारण एक नाणे आतून पोखरून त्याच्या वाटीत दुसऱ्याची चकती बसवलेली असते. तिथे नखाचे टोक फिरवावे. बारीक पायरी लागते.

आपल्या घरांतील रुपयांच्या बाबतीत कडेवर आणखी एक गोष्ट शोधावी लागते. पुतळ्यांच्या माळेप्रमाणे रुपयांचीही माळ करण्याची पद्धत होती आणि त्यासाठी वरच्या बाजूला कडी डाखलेली, म्हणजे वितळवलेल्या धातूने जोडलेली असे. पुढे कडी काढून तिथली कडा घासून नाणे ‘मूळ स्थितीत’ म्हणून विकले जाते. राजाच्या डोक्याच्या बरोबर वर दोन-तीन दाते बुजलेले असतील आणि तिथल्या धातूचा रंग थोडा पिवळट किंवा करडा असेल तर ते डाखाचे अवशेष आहेत. नाणे खरे, पण त्याची संग्राहकाच्या दृष्टीने किंमत उतरलेली.

तिसरी पायरी: पृष्ठभाग

ओतीव नाण्याचे पृष्ठ भिंगाखाली साबणाच्या वडीसारखे मऊ दिसते. अक्षरांच्या कडा जमिनीला मिळताना गोलावतात, जमिनीवर सुईच्या टोकाएवढी भोके असतात आणि कधी कधी हवेच्या बुडबुड्यामुळे उमटलेला बारीक दाणाही असतो. छाप पडलेल्या खऱ्या नाण्यात धातू दाबाखाली केंद्राकडून कडेकडे सरकलेला असतो, त्यामुळे न झिजलेले नाणे दिव्याखाली फिरवले की उजेडाचे आरे चाकासारखे फिरतात. हा उजेड घासून आणता येत नाही. घासलेले नाणे सगळीकडून सारखेच चमकते.

ठशाने पाडलेली नकली नाणी याहून अवघड असतात, कारण त्यांचा ठसा बहुधा खऱ्या नाण्यावरूनच उचललेला असतो. मग त्या मूळ नाण्यावरचे खरचटे आणि ठोकेही ठशात उतरतात. दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेल्या नाण्यांवर गालावरचा तोच ओरखडा आणि अक्षराशेजारचा तोच खळगा दिसला, तर दोन्ही नाणी संशयित समजावीत. दोन नाण्यांना योगायोगाने एकाच जागी एकसारखा मार लागत नसतो.

उंच आणि खोल

इथून पुढे खऱ्या चुकांकडे वळू. सर्वांत सोपा आणि सर्वांत जास्त विसरला जाणारा नियम असा: ठशाला गेलेला तडा नाण्यावर उंच रेघ म्हणून उमटतो आणि नाण्यावर पडलेला ओरखडा खोल असतो. ठशाचा कडेजवळचा तुकडा उडाला असेल तर नाण्यावर तिथे अक्षरांच्या जागी धातूचा एक ओबडधोबड फुगवटा येतो. नाणे बाजूने तिरप्या उजेडात धरले की सावली कोणत्या अंगाला पडते यावरून उंच-खोल लगेच ठरते. डिंक किंवा डाख लावून चढवलेला फुगवटा मात्र खालच्या नक्षीवर बसलेला असतो आणि त्याच्या काठाशी एक बारीक फट राहते. अॅसिटोनमध्ये तासभर नाणे ठेवले तर डिंक सुटतो आणि धातूला काही होत नाही. नेलपॉलिश काढायच्या रंगीत, सुगंधी बाटलीतला द्राव वापरू नये, त्यात इतर पदार्थ असतात.

दुहेरी अक्षरांच्या बाबतीत संग्राहकांची फार फसगत होते. ठसा बनवतानाच नक्षी दोनदा उमटली असेल तर प्रत्येक नाण्यावर तोच दुहेरीपणा येतो, दोन्ही प्रतिमा गोलसर आणि पूर्ण उंचीच्या असतात आणि अक्षरांच्या टोकांना स्पष्ट फाटे दिसतात. छाप पडतेवेळी ठसा ढिला असल्यामुळे किंचित सरकला तर दुसरी प्रतिमा अक्षराच्या शेजारी सपाट पायरीसारखी दिसते. ही टांकसाळीतच घडलेली, पण अगदी सर्रास आढळणारी गोष्ट आहे आणि तिच्यासाठी जादा पैसे मोजू नयेत.

कापलेली चकती

चकत्या कापणाऱ्या यंत्राखाली पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही तर आधीच्या भोकावर दुसरा काप पडतो आणि चकतीचा चंद्रकोरीसारखा तुकडा कमी होतो. पट्टीच्या टोकाशी काप पडला तर कड सरळ राहते. कातरी आणि कानस घेऊन अशी नाणी बनवणे सोपे असल्यामुळे बाजारात ती भरपूर आहेत.

खऱ्या कापाची खूण कापाजवळ नसते, ती त्याच्या समोरच्या बाजूला असते. चकतीची कडा उचलणारे यंत्र तिला दोन्ही बाजूंनी दाबते. एका बाजूला धातूच नसेल तर त्याच्या बरोबर समोर पुरेसा दाब बसत नाही आणि तिथली किनार फिकी, अर्धवट किंवा नाहीशी होते. नाणे पाडून झाल्यावर कातरलेल्या नाण्याची समोरची किनार मात्र शाबूत असते. कापाजवळची अक्षरेही पाहावीत. खऱ्या चुकीत कापाच्या लगतची अक्षरे दाबाखाली कापाकडे किंचित ओढली गेलेली, ताणलेली दिसतात. नंतर कातरलेल्या नाण्यात अक्षर मध्येच तुटते, जणू सुरीने ताटातली पोळी कापली. मी इंदूरमध्ये पाहिलेल्या अशा नाण्यांपैकी निम्म्याहून अधिक या एकाच कसोटीला उतरली नाहीत.

सरकलेला छाप, लाखी आणि शिकंजा

कॉलरमध्ये नीट न बसलेल्या चकतीवर छाप एका बाजूला सरकतो आणि दुसऱ्या बाजूला कोरी चंद्रकोर उरते. ती कोरी जागा चकतीची मूळ, अस्पर्श जमीन असते. नाणे घासून तिथली नक्षी घालवली असेल तर ती जागा पातळ होते आणि तिरप्या उजेडात जुन्या अक्षरांची भुते दिसतात. दोन्ही बाजू जुळतात का हेही पाहावे, कारण दोन्ही ठसे समोरासमोर असल्यामुळे पुढच्या बाजूचा छाप ज्या काठाकडे सरकला त्याच काठाकडे मागच्या बाजूचाही सरकलेला असला पाहिजे.

बाजारात ज्याला ‘लाखी’ म्हणतात ते नाणे असे घडते: पाडलेले नाणे वरच्या ठशाला चिकटून राहते आणि पुढची चकती त्याच्याखाली येते. त्या चकतीवर एका बाजूला नेहमीचा छाप पडतो आणि दुसऱ्या बाजूला, चिकटलेल्या नाण्याचीच तीच बाजू खोल आणि उलटी उमटते. म्हणजे खऱ्या लाखीच्या दोन्ही अंगांवर एकच चित्र असते, एकीकडे उंच व सुलट आणि दुसरीकडे खोल व आरशातल्यासारखे. नकली लाखी बनवण्यासाठी दोन नाणी एकमेकांवर ठेवून शिकंज्यात आवळतात किंवा घण मारतात. अशा नाण्यावर खोल, उलटी अक्षरे येतात खरी, पण त्यांच्याखाली नाण्याची स्वतःची मूळ नक्षी शिल्लक राहते आणि पाठीमागची बाजू शिकंज्याच्या दाबाने चेपलेली असते. फोनने फोटो काढून तो आरशातल्यासारखा डावा-उजवा उलटवला की खोल अक्षरे वाचता येतात. लहानपणी आम्ही महूच्या छोट्या गाडीच्या रुळांवर पाच-पाच पैसे ठेवून चेपत असू. तसली चेपलेली नाणीही आता ‘पसरलेला छाप’ या नावाने विकायला येतात आणि त्यांच्या फुगलेल्या कडेवर रुळाचे ओरखडे दिसतात.

चुकीचा धातू

एका नाण्याची चकती दुसऱ्या नाण्याच्या ठशांखाली जाणे ही खरी आणि मोलाची चूक आहे, पण तिचे वजन ठरलेल्या दुसऱ्या चकतीशी जुळलेच पाहिजे. अकरा बाजूंचा जुना दोन रुपयांचा तुकडा तांबे-निकेलचा आणि ६ ग्रॅमचा आहे. तो एक रुपयाच्या पोलादी चकतीवर पडला असेल तर वजन ४.८५ ग्रॅम भरेल आणि चुंबक धरेल. वजन भलतेच निघाले तर तेजाबात बुडवून पातळ केलेले नाणे असण्याचा संभव जास्त. तेजाबाने सगळी नक्षी सारखीच पुसट होते आणि कडेचे दातेही विरतात. वापराने झिजलेल्या नाण्यात आधी उंच भाग झिजतात. तांब्याच्या रंगाचा रुपया किंवा सोनेरी झालेली आठ आण्यांची नाणी बहुधा मुलाम्याची किंवा आगीत सापडलेली असतात.

दहा रुपयांच्या दोन धातूंच्या नाण्यात मधला गोल फिरवलेला दिसतो, त्याविषयी खात्रीने सांगता येते. हे नाणे ७.७१ ग्रॅमचे, २७ मिलिमीटरचे असून गोल आणि कडे एकत्र बसवल्यानंतरच त्यांच्यावर एका दाबात छाप पडतो. त्यामुळे गोलावरची नक्षी आणि कड्यावरची नक्षी एकमेकींच्या संदर्भात कधीच फिरू शकत नाही. तशी ती फिरलेली असेल तर कोणीतरी गोल काढून पुन्हा ठोकून बसवला आहे. याउलट, गोल एका बाजूला सरकलेला, पण नक्षी दोन्ही धातूंवर अखंड चालू, असे असेल तर ती टांकसाळीची चूक असू शकते.

होळकरांची नाणी आणि न झालेल्या चुका

इंदूरच्या माणसाला हा भाग वेगळा सांगावा लागतो. होळकरांची जुनी नाणी हाताने, हातोड्याच्या घावाने पाडलेली आहेत. त्यांचा ठसा चकतीपेक्षा मोठा असे, त्यामुळे संपूर्ण मजकूर एका नाण्यावर कधीच मावत नाही, छाप सरकलेला असतो आणि कडा ओबडधोबड असते. महेश्वरच्या टांकसाळीच्या अहिल्याबाईंच्या काळातील रुपयावर शिवलिंग आणि बेलपान असते, मल्हारनगरच्या, म्हणजे इंदूरच्या रुपयावर सूर्यमुख असते आणि मजकूर मात्र बादशहा शाह आलमच्या नावाचा फारसीत असतो. त्यातला अर्धा मजकूर नाण्याबाहेर गेला म्हणून ते ‘चुकीचे’ नाणे होत नाही. त्या काळची तीच रीत होती. अशा नाण्याला ‘सरकलेल्या छापाचे दुर्मिळ’ म्हणून जादा पैसे मागणारा विक्रेता एकतर अडाणी असतो किंवा तो तुम्हाला अडाणी समजतो. या नाण्यांवर वर्तुळ, चांदणी किंवा अर्धचंद्र यांच्या खोल, लहान खुणाही सापडतात. त्या सराफांनी चांदी पारखून मारलेल्या आहेत. त्या फसवणूक नव्हेत आणि टांकसाळीची चूकही नव्हेत.

हातपाडीच्या नाण्यात नकली कसे ओळखावे, तर तिथे उलटी कसोटी लागते. दोन खरी नाणी कधीही हुबेहूब सारखी नसतात. चकतीचा आकार, कडेच्या चिरा, छापाची जागा, ठोक्याची खोली यांत फरक असतोच. एकाच विक्रेत्याच्या ताटलीत पाच सूर्यमुखी रुपये एकाच जागी चिरलेले आणि एकाच बाजूला सरकलेले दिसले, तर ते एका साच्यातून ओतलेले आहेत. घावाने धातू पसरताना कडेला बारीक, टोकाकडे निमुळत्या होणाऱ्या चिरा पडतात. ओतीव नाण्यातल्या चिरांच्या कडा गोल आणि तळ भरलेला असतो. संस्थानच्या पुढच्या यंत्रपाडीच्या नाण्यांवर साल विक्रम संवतात आहे हेही लक्षात ठेवावे. यशवंतराव द्वितीयांच्या तांब्याच्या पाव आणि अर्ध्या आण्यावरचे संवत १९९२ म्हणजे इसवी १९३५. ‘१९९२ चे होळकरांचे नाणे म्हणजे उघड चूक’ असे गंभीरपणे सांगणारा एक गृहस्थ मला भेटला होता.

जी नाणी कधी नव्हतीच

ईस्ट इंडिया कंपनीचे १८१८ सालचे, रामदरबार किंवा हनुमान असलेले ‘एक आणा’ हे नाणे कोणत्याही टांकसाळीने चलनासाठी पाडलेले नाही. कंपनीच्या सर्व प्रांतांत एकसारखे चलन आलेच मुळी १८३५ मध्ये. ही नाणी तांदूळ ओढतात, वीज खेचतात वगैरे कथा सांगून लाखांचे व्यवहार ठरवले जातात. ‘चाचणी’च्या खर्चासाठी आगाऊ रक्कम मागितली की समजावे. रामटके म्हणून ओळखली जाणारी नक्षीदार चकती पूजेची किंवा यात्रेची भेट असते आणि त्या नावाने ती जपण्यात काही वावगे नाही.

वैष्णोदेवीचे चित्र असलेली २०१२ ची पाच आणि दहा रुपयांची नाणी ही स्मारक नाणी आहेत, चलनात मोठ्या संख्येने आली आहेत आणि त्यांची किंमत त्यांच्यावर लिहिली आहे तेवढीच आहे. जुनी नाणी विकत घेण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या नावाने शुल्क किंवा कर मागणाऱ्यांपासून सावध राहण्याचा इशारा त्या बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीरपणे दिला होता. टांकसाळीच्या खुणांचेही तसेच. सालाखाली हिरा असेल तर मुंबई, तारा असेल तर हैदराबाद, टिंब असेल तर नोएडा आणि काहीच नसेल तर कोलकाता. ‘टांकसाळीची खूण विसरलेले’ म्हणून दिले जाणारे नाणे बहुधा साधे कोलकात्याचे असते किंवा खूण खरवडलेले असते. सालाखालच्या जागी भिंग लावले की खरवडल्याची समांतर रेषा दिसते.

१९३८ चा १९३९

आता सुरुवातीच्या रुपयाकडे परत येतो, कारण माझे नाणे कडेने पकडले गेले, पण त्याच आकड्याची अधिक हुशार नक्कल कडेने पकडली जात नाही. १९३८ च्या खऱ्या रुपयावरचा ८ थोडा कोरून त्याचा ९ केला, तर वजन, चांदी, कडा आणि पाण्याची परीक्षा सगळे बरोबर येते. तिथे फक्त शेवटचा आकडा बोलतो. भिंग लावून तो ९ त्याच नाण्यावरच्या दुसऱ्या आकड्याशी, म्हणजे १९ मधल्या ९ शी ताडून पाहावा. खऱ्या नाण्यावर दोन्ही नवांची उंची, पोटाची गोलाई आणि शेपटीचा वळसा एकाच हाताचा असतो. कोरलेल्या नवाच्या खालच्या पोटाची डावी भिंत जिथे कापली आहे तिथे जमिनीवर हत्याराची रेघ राहते किंवा ती घालवण्यासाठी केलेली घासघास राहते आणि त्या ठिकाणचा उजेड चाकासारखा फिरत नाही, अडखळतो. नाणे हळूहळू पूर्ण फिरवत, दिवा एका जागी ठेवून हे पाहावे लागते. घाईत दिसत नाही. आकडा नव्याने डाखून बसवला असेल तर त्याच्या पायाशी सुईच्या टोकाने हलकेच टेकून पाहिल्यास फट जाणवते. सुई ओढू नये.

इतके करूनही मन निवत नसेल आणि नाणे महाग असेल, तर नाणी पारखून बंद पेटीत मोहोरबंद करून देणाऱ्या मान्यवर संस्थांकडे ते पाठवावे. त्यांचे शुल्क हलके नसते, म्हणून ज्या नाण्याची किंमत त्या शुल्काच्या कित्येक पट आहे त्याच नाण्यासाठी हा मार्ग घ्यावा. शेतात किंवा पाया खोदताना सापडलेल्या ठेव्यासाठी हा मार्ग मुळीच नाही. १८७८ च्या कायद्याप्रमाणे तो आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. शंभर वर्षांहून जुनी नाणी परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत, हेही परदेशी ग्राहकाला ‘हो’ म्हणण्यापूर्वी आठवावे.

प्रत्येक नाण्यासोबत पाकिटात एक चिठ्ठी ठेवावी: कुठे घेतले, किती दिले, वजन, पाण्यातला आकडा, कडा कशी, संशय कशाचा. माझ्या १९३९ च्या चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत ‘खोटे, विकू नये’ असे लिहिले आहे आणि खाली कडेचे छोटे चित्र काढले आहे. मागच्या दिवाळीत पुतण्याने ते नाणे पूजेच्या ताटात ठेवले, तेव्हा चिठ्ठी वाचून त्याने पहिली गोष्ट केली ती म्हणजे नाणे उभे धरून कडेला नख लावून पाहिले.